खेळाच्या संगीताची उतरंड: वाईजमध्ये कोणता तुकडा कुणाखाली ठेवायचा

नौपाड्यातल्या माझ्या खोलीवर दर रविवारी तीन-चार जण लॅपटॉप घेऊन येतात. एक ढोलकी वाजवतो, एक संगीत संयोजन शिकते, एक जण ऐरोलीला प्रोग्रामर आहे. सगळ्यांना व्हिडिओ गेमसाठी संगीत करायचं आहे. प्रत्येकाचा प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की मला एकच चित्र दिसतं: चाळीस-पन्नास तुकडे एकाखाली एक, सपाट यादीत. चाली छान असतात, वादनही छान असतं, पण खेळात घातलं की संगीत मध्येच तुटतं, दोन तुकडे एकमेकांवर चढतात, आणि कुणाला काही सापडत नाही. दोष संगीतात नसतो, मांडणीत असतो. म्हणून ही मांडणी एकदा सविस्तर लिहायची ठरवली.

वाईज हे मॉन्ट्रियलच्या ऑडिओकायनेटिक कंपनीचं, खेळातला आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर. गेम इंजिन, म्हणजे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर, त्याला फक्त बातमी देतं: "वादळ आलं", "मुलगी खारफुटीत शिरली". त्या बातमीवर कोणता तुकडा वाजायचा, चालू तुकडा कोणत्या मात्रेवर सोडायचा, हे वाईज ठरवतं. ठरवतं ते तुम्ही रचलेल्या उतरंडीवरून. त्यामुळे उतरंड म्हणजे फाइली ठेवायचं कपाट असं समजू नका. ती रचनेचाच भाग आहे.

उदाहरण आमच्या रविवारच्याच खेळाचं घेते. ठाणे पूर्वेच्या चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी आजोबांची होडी घेऊन खाडीत जाते. जागा तीन: वस्ती, खारफुटी आणि मोकळी खाडी. मध्येच कधीतरी वादळ येतं. एरवीचा ठेका दादरा, सहा मात्रांचा. वादळाला केहरवा, आठ मात्रांचा आणि चढ्या लयीचा. (इथे नावं देवनागरीत लिहिते आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र स्टेट आणि स्विच (खेळातली परिस्थिती सांगणाऱ्या खुणा) आणि इव्हेंट (खेळाकडून येणारी बातमी) यांची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढ्यातच बसवा.)

आधी कागद

वाईज उघडण्याआधी कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. खेळात संगीत कशाकशाने बदलतं? आणि त्यातलं कोण कुणावर मात करतं?

आमच्या खेळात संगीत दोन गोष्टींनी बदलतं: जागा आणि प्रसंग. यात प्रसंग वरचढ. वादळ आलं की मुलगी वस्तीत असो की खाडीत, वादळाचंच संगीत वाजणार. जी गोष्ट मात करते ती उतरंडीत वर जाते. एवढं कळलं की झाड आपोआप उभं राहतं (सेगमेंट म्हणजे एक तुकडा, प्लेलिस्ट तुकड्यांचा क्रम सांभाळते, स्विच कंटेनर परिस्थितीप्रमाणे निवड करतो):

संगीत_मुख्य (स्विच कंटेनर, प्रसंगानुसार)
　निवांत (स्विच कंटेनर, जागेनुसार)
　　वस्ती (प्लेलिस्ट)
　　　वस्ती_मुखडा, वस्ती_अ, वस्ती_आ, वस्ती_इ (सेगमेंट)
　　खारफुटी (प्लेलिस्ट)
　　खाडी (प्लेलिस्ट)
　वादळ (प्लेलिस्ट)

याचा एक फायदा लगेच दिसतो. वादळ चालू असताना मुलगी वस्तीतून खारफुटीत गेली, तर जागेची स्टेट बदलते पण कानाला काही कळत नाही. वादळ ओसरून प्रसंग 'निवांत' झाला की थेट खारफुटीचं संगीत सुरू होतं. प्रोग्रामरला त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही.

हेच एका स्विच कंटेनरला जागा आणि प्रसंग हे दोन्ही स्टेट ग्रुप (एका गोष्टीच्या सगळ्या स्टेटचा गट) जोडूनही करता येतं. मग प्रत्येक जोडीची ओळ भरायची, आणि वादळाच्या ओळीत जागेच्या ठिकाणी 'कोणतीही' या अर्थाची चांदणी ठेवायची. जिथे प्रत्येक जागेचं निवांत आणि ताणाचं असं दोन्ही संगीत वेगळं आहे, तिथे तो रस्ता बरा. आमच्यासारख्या खेळात मला एकात एक ठेवलेले कंटेनर जास्त पटतात, कारण जागा बदलण्याचे नियम खालच्या कंटेनरवर राहतात आणि वादळाचे वरच्यावर. सहा महिन्यांनी उघडलं तरी कोणता नियम कुठे शोधायचा ते कळतं.

वर्क युनिट आधीच वेगळे करा

वाईजचा प्रोजेक्ट बऱ्याच वर्क युनिटमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक वर्क युनिट म्हणजे डिस्कवरची एक एक्सएमएल फाइल. काहीच केलं नाही तर सगळं 'डिफॉल्ट वर्क युनिट'मध्ये साठत जातं. काही वर्षांपूर्वी एका कामात मी आणि माझी एक सहकारी अशा दोघी एकाच डिफॉल्ट युनिटमध्ये काम करत होतो. मी सेगमेंटचे क्यू (तुकड्यातल्या सुरुवाती-शेवटाच्या खुणा) लावले, तिने ट्रान्झिशन (एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे नियम) लावले, आणि दोघींच्या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकत्र करताना माझे दोन दिवसांचे क्यू गेले. ते काम पुन्हा बसून केलं. तेव्हापासून कितीही छोटा प्रोजेक्ट असला तरी पहिल्याच दिवशी संगीताचं वेगळं वर्क युनिट करते. मोठा असेल तर वादळाचं वेगळं, निवांतचं वेगळं. नियम साधा: एका वेळी एका युनिटला एकच माणूस हात लावेल.

वर्क युनिटमध्ये तुकडे नुसते नीट लावून ठेवायचे असतील, तर व्हर्च्युअल फोल्डर वापरा. त्याने आवाजात काहीच फरक पडत नाही.

सेगमेंट: इथे वेळ घालवा

आता खालून वर बांधत जायचं. एफ १० दाबलं की इंटरॅक्टिव्ह म्युझिकची मांडणी समोर येते. सर्वांत खाली म्युझिक ट्रॅक, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाची फाइल. तो सेगमेंटच्या आत राहतो. सेगमेंट म्हणजे एका वेळी अखंड वाजणारा तुकडा. त्यात ढोलकी, तुणतुणं, बासरी, पाण्याचा नाद असे ट्रॅक एकाखाली एक असतात आणि एकत्र वाजतात.

वाईज नवीन संगीताला १२० टेम्पो (मिनिटाला १२० मात्रा) आणि ४/४ ताल गृहीत धरतं. आमची लय नेमकी १२०च होती, म्हणून एका विद्यार्थ्याने ते तसंच ठेवलं. मग काय झालं ते मात्रा मोजून बघा. दादरा आहे धा धी ना, धा ती ना. 'सम', म्हणजे आवर्तनाची (ठेक्याच्या एका फेरीची) सुरुवात, पहिल्या मात्रेवर, आणि 'खाली', म्हणजे हलका ठोका, चौथीवर. वाईज मात्र दर चार मात्रांनी बार (पाश्चात्य मोजणीतला मात्रांचा गट) मोजतंय. पहिला बार समेवर सुरू झाला, दुसरा पाचव्या मात्रेवर, 'ती'वर, तिसरा पुढच्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर, 'ना'वर. चौथा बार पुन्हा समेवर. म्हणजे "पुढच्या बारला बदल" असा नियम लिहिला की तीनपैकी एकदाच बदल समेवर पडतो. ऐकणाऱ्याला ताल माहीत नसला तरी काहीतरी घसरलं हे कळतं.

म्हणून एका मात्रेला एक क्वार्टर नोट धरून ६/४ लावा, म्हणजे एका बारमध्ये सहा मात्रा. १२० लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आवर्तन ३ सेकंदांचं, आठ आवर्तनांचा सेगमेंट २४ सेकंदांचा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे सँपल) समेपासून समेपर्यंतचा हा भाग ११,५२,००० सँपलचा होतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढताना हा आकडा तपासायची सवय लावा.

केहरव्याला ४/४ चालतं, पण आवर्तन दोन बारांचं होतं. तीनताल घेतलात तर सोळा मात्रांचे चार बार, आणि 'पुढचा बार' नवव्या मात्रेवर, ऐन खालीवरही येऊ शकतो. अशा वेळी टाइम सेटिंगमधला (लय आणि ताल भरायच्या जागेतला) ग्रिड, म्हणजे बदलासाठी आपण ठरवलेलं अंतर, कामाला येतो. ग्रिडची लांबी केहरव्याला दोन बार आणि तीनतालाला चार बार ठेवा, आणि ट्रान्झिशनमध्ये 'पुढचा ग्रिड' निवडा. मग बदल समेवरच होईल.

ही टाइम सेटिंग प्रत्येक सेगमेंटवर वेगळी भरत बसू नका. 'संगीत_मुख्य'वर १२० आणि ६/४ एकदाच लिहा, खालचे सगळे ते उचलतात. फक्त 'वादळ' प्लेलिस्टवर 'ओव्हरराइड पेरेंट'ची खूण करून १४० आणि ४/४ द्या. ही खूण केली की त्या सेटिंगपुरता त्या तुकड्याचा वरच्याशी संबंध तुटतो, नंतर वर काहीही बदललं तरी खाली पोचत नाही. "मी वर बदललं पण काही होतच नाही" अशी तक्रार आली की मी आधी ही खूण शोधते.

आता क्यू. प्रत्येक सेगमेंटला एन्ट्री क्यू आणि एक्झिट क्यू असतात. संगीताचा खरा हिशेब या दोन खुणांमध्ये चालतो. त्यांच्या बाहेरचा आवाज वाया जात नाही, आणि इथेच आपल्याकडच्या संगीताला मोठी सोय आहे. समेआधी ढोलकीवाला जी उठाण घेतो, ती एन्ट्री क्यूच्या आधी ठेवा. तिला प्री-एन्ट्री म्हणतात. शेवटच्या ठोक्याचा घुमारा एक्झिट क्यूच्या पुढे राहू द्या, तो पोस्ट-एक्झिट. २४ सेकंदांच्या तुकड्याची फाइल अशी २७ सेकंदांची होईल. एक्झिट क्यू मात्र समेच्या जागीच हवा, पुढचा तुकडा तिथूनच सुरू होणार आहे आणि आधीचा घुमारा त्याच्याखाली विरत जाणार आहे. शून्यावर खटकन कापलेल्या फाइली घेऊन कुणी आलं, तर मी त्या परत पाठवते.

ढोलकी क्लिकशिवाय (कानात लयीचे ठोके न ऐकता) वाजवलेली असेल तर लय हळूहळू पुढे सरकते आणि कोणताही ग्रिड जुळत नाही. चांगल्या वादकाला क्लिक नकोसा वाटतो, आणि मला ते पटतं. अशा रेकॉर्डिंगला प्रत्येक समेवर हाताने कस्टम क्यू लावा, त्यांना एकच नाव द्या, आणि ट्रान्झिशनमध्ये 'पुढचा कस्टम क्यू' ठेवा. आठ आवर्तनांना आठ खुणा, दहा मिनिटांचं काम. वादन जिवंत राहतं.

प्लेलिस्ट

सेगमेंट कोणत्या क्रमाने आणि किती वेळा, हे प्लेलिस्ट कंटेनर सांभाळतो. वस्तीसाठी आम्ही क्रमवार गट ठेवला: आधी मुखडा एकदा, मग आत एक रँडम गट, त्यात अ, आ, इ. आतल्या गटाला अनंत पुनरावृत्ती दिली आणि नुकताच वाजलेला तुकडा लगेच परत येणार नाही अशी खूण केली. मुलगी वस्तीत अर्धा मिनिट थांबो की पंधरा मिनिटं, कंटाळा येत नाही.

आणखी वैविध्य हवं असेल तर नवे सेगमेंट करायच्या आधी ट्रॅककडे बघा. ट्रॅकचा प्रकार 'रँडम स्टेप' केला आणि त्यात ढोलकीचे चार उपट्रॅक ठेवले, तर दर वेळी सेगमेंट वाजताना वेगळी ढोलकी येते. उतरंड वाढत नाही, कान मात्र ताजा राहतो.

थर की वेगळा तुकडा?

हा प्रश्न दर रविवारी निघतो. खारफुटीत धोका वाढत जातो तेव्हा संगीतही गडद व्हायला हवं. त्यासाठी नवा सेगमेंट करायचा का? स्वर तोच, ठेका तोच, लांबी तीच असेल तर नको. त्याच सेगमेंटमध्ये संबळाचा ट्रॅक ठेवा आणि त्याच्या आवाजाला 'धोका' हा ० ते १०० चा गेम पॅरामीटर जोडा. ३० पर्यंत संबळ बंद, पुढे हळूहळू उठून ७० ला पूर्ण. सगळे ट्रॅक एकाच घड्याळावर असल्यामुळे काही निसटत नाही. ठेका किंवा लय बदलली की मात्र वेगळा तुकडा आणि वर स्विच कंटेनर.

स्विच कंटेनर, स्टेट आणि एकच 'प्ले'

'प्रसंग' आणि 'जागा' हे दोन स्टेट ग्रुप करा आणि कंटेनरला जोडा. स्टेट साऱ्या खेळाला एकच असते. स्विच मात्र एकेका गेम ऑब्जेक्टपुरता (खेळातल्या एका वस्तू किंवा पात्रापुरता) असतो. संगीत ज्या ऑब्जेक्टवर चालू आहे, त्याच ऑब्जेक्टवर स्विच बदलला नाही तर काहीच होत नाही. म्हणून संगीताला मी शक्यतो स्टेटच वापरते.

'स्विच बदलला तरी चालू ठेवा' हा पर्याय निवडा. दोन जागांना एकच प्लेलिस्ट जोडलेली असेल, तर जागा बदलताना ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही.

प्रोग्रामरला हे आवर्जून सांगा: 'प्ले' हा इव्हेंट 'संगीत_मुख्य'साठी, खेळ सुरू होताना, एकदाच. त्यानंतर फक्त 'सेट स्टेट'. प्रत्येक तुकड्याला वेगळा प्ले इव्हेंट केला तर सगळी उतरंड निरुपयोगी ठरते. वाईजला ते दोन वेगवेगळे वादक वाटतात, आणि एकाला थांबवून दुसऱ्याला समेवर उठवायचा अधिकार कुणाकडेच उरत नाही. सुरुवातीला म्हटलेले एकमेकांवर चढणारे तुकडे बहुतेक वेळा इथूनच येतात.

ट्रान्झिशन: दोघांच्या वरच्याकडे

ज्या दोन तुकड्यांत अदलाबदल व्हायची आहे, त्यांचा नियम त्या दोघांना सामावणाऱ्या कंटेनरवर लिहायचा. वस्ती ते खारफुटी 'निवांत'वर, निवांत ते वादळ 'संगीत_मुख्य'वर, वस्ती_अ ते वस्ती_आ 'वस्ती' प्लेलिस्टवर. भावंडांचं भांडण घरातल्या मोठ्याने सोडवावं, तसं. नियम सापडत नसेल तर दोन्ही तुकड्यांपासून वर चढत जा, जिथे वाटा मिळतात तिथे तो असतो.

'निवांत'वर: काहीही ते काहीही, पुढच्या बारला सोडा, पुढच्याच्या एन्ट्री क्यूला जा, प्री-एन्ट्री आणि पोस्ट-एक्झिट दोन्ही वाजू द्या. एवढ्याने तिन्ही जागा समेवर बदलतात. पुढे कधी वस्तीची दिवसाची आणि रात्रीची अशी दोन रूपं केलीत, चाल आणि लांबी तीच ठेवून, तर तिथे एन्ट्री क्यूऐवजी 'चालू सेगमेंटची तीच वेळ' निवडा. दिवसाचं संगीत जिथे सुटेल, तिथूनच रात्रीचं उठेल.

'संगीत_मुख्य'वर थोडं जास्त काम आहे. निवांत ते वादळ: इथे पुढच्या बारची वाट बघायची म्हणजे वाईटात वाईट ३ सेकंद. आभाळ फाटलंय आणि बासरी चालूच आहे, हे चालणार नाही. म्हणून पुढच्या बीटला, म्हणजे मात्रेला, सोडा, अर्ध्या सेकंदाच्या आत, ०.३ सेकंदाचा फेड-आउट देऊन. वादळ ते निवांत मात्र सावकाश: एक्झिट क्यूपर्यंत वाजू द्या आणि मध्ये एक ट्रान्झिशन सेगमेंट घाला. आम्ही तिथे केहरव्यातली तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा बोल) ठेवली आहे. तिची शेवटची 'धा' म्हणजे तिचा एक्झिट क्यू, आणि तीच दादऱ्याची पहिली सम. हा जोड जमेपर्यंत दोन रविवार गेले. आता तो ऐकताना दर वेळी आनंद होतो.

नियमांची यादी वाईज खालून वर वाचतं आणि पहिला जुळणारा नियम घेतं. म्हणून 'काहीही ते काहीही' सर्वांत वर, नेमके नियम त्याखाली. क्रम उलटला तर नेमका नियम तिथे असूनही कधीच लागत नाही.

स्टिंगर

मासा गळाला लागला, वीज कडाडली, अशा क्षणांना छोटा तुकडा चालू संगीतावर वाजवायचा तो स्टिंगर. तो ट्रिगरने, म्हणजे खेळाकडून आलेल्या इशाऱ्याने, सुटतो. त्याची नोंद 'संगीत_मुख्य'वर केली की खालच्या सगळ्यांना लागू होते. माशाचा स्टिंगर आम्ही पुढच्या बीटला ठेवला, आणि १० सेकंद तो पुन्हा वाजणार नाही अशी मर्यादा घातली. विजेचा मात्र तत्काळ. वादळ येताना तोच आधी सुटतो, त्यामुळे पुढच्या मात्रेपर्यंतची अर्ध्या सेकंदाची वाट कानाला जाणवतच नाही.

आवाज, बस, मेमरी

सगळं संगीत एका 'संगीत' बसवर (अनेक आवाज एकत्र जाणाऱ्या वाटेवर) पाठवा, आणि तेही 'संगीत_मुख्य'वरूनच. खेळाडूच्या सेटिंगमधला संगीताचा आवाज त्या एका बसला जोडला की काम संपलं. खालच्या तुकड्यांची पातळी एकमेकांशी जुळवायची असेल तेवढीच खाली हलवा.

स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट २४ सेकंद म्हणजे न दाबलेले साधारण ४.६ एमबी. पाच ट्रॅकचा सेगमेंट २३ एमबीच्या घरात जातो. म्हणून लांब ट्रॅक व्हॉर्बिससारख्या फॉरमॅटमध्ये दाबा आणि स्ट्रीम करा, म्हणजे वाजता वाजता डिस्कवरून वाचले जातील असे ठेवा. पण स्ट्रीम होणाऱ्या ट्रॅकला सुरू व्हायच्या आधी थोडा अवधी लागतो, तो 'लुक-अहेड'मध्ये दिलेला असतो. स्टिंगर मेमरीतच ठेवा, नाहीतर 'तत्काळ' म्हणूनही उशिरा वाजतील.

ऐकून बघा

खेळ तयार होईपर्यंत थांबू नका. साउंडकास्टरमध्ये (खेळाशिवाय आवाज वाजवून बघायच्या वाईजमधल्या खिडकीत) 'संगीत_मुख्य', दोन्ही स्टेट ग्रुप, 'धोका' आणि स्टिंगरचे ट्रिगर ओढून ठेवा. मग वाजवत राहा आणि हाताने स्टेट बदला. आम्ही ठरवून वाईट वेळा निवडतो: मुखड्याच्या दुसऱ्या मात्रेला वादळ, वादळाची तिहाई चालू असताना पुन्हा वादळ, एका आवर्तनात तीन वेळा जागा बदल. खोलीत एक जण स्टेट बदलतो, बाकीचे डोळे मिटून हाताने मात्रा मोजतात. ज्याचा हात चुकला त्याने थांबवायचं, मग प्रोफायलरमध्ये (काय काय वाजलं याच्या वाईजमधल्या नोंदीत) तो क्षण शोधायचा आणि कोणता नियम लागला ते बघायचं. गेल्या रविवारी दुसरी परीक्षा नापास झाली: तिहाई अर्धी असताना वादळ परतलं, आणि केहरवा तिहाईच्या मधूनच सुरू झाला. या रविवारी तो जोड दुरुस्त करायचा आहे.